मुलगी ऐकत नाही

१९ जुलै

शाळेतून निरोप आला की पाण्याचा पंप ओरडतोय. फाटकातून आत शिरतानाच मला कळलं, मागचं बेअरिंग गेलंय. शिपायाला म्हटलं, "पंप आजारी नाही हो, म्हातारा झालाय." तो हसला. मीही हसत हसत निघालो. सगळ्या दिवसातलं हसू तेवढंच.

वरांड्याच्या टोकाला एक मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. दोन वेण्या, आणि डाव्या रिबिनीवर ग्रीसचा डाग. आज सकाळी हिला, म्हणजे बायकोला, कारखान्यात लवकर जायचं होतं म्हणून ती रिबीन मी बांधली होती.

आमची टिटवी. हे नाव मीच पाडलं. बोलते एवढ्या मोठ्यानं की माझ्या मोटार-पंप दुरुस्तीच्या दुकानात तीन मोटारी चालू असल्या तरी तिचं वाक्य पुरं ऐकू येतं. मागून दोनदा हाक मारली. वळली नाही. लाजली असेल बिचारी, असं वाटलं. पुढं जाऊन समोर उभा राहिलो तेव्हा म्हणाली, "बाबा! पंपासाठी आलात?"

वर्गबाई बाहेर आल्या. "नऊ दिवस झाले, रोज शेवटच्या तासाला बाहेर उभी करते. तीन चिठ्ठ्या पाठवल्या तुम्हाला. मुलगी ऐकत नाही."

"ऐकत नाही म्हणजे करते काय?"

"काहीच करत नाही, तेच तर म्हणतेय. सांगितलेलं करायचं नाही, आणि वर माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचं. इतका उद्धटपणा दहा वर्षांच्या पोरीला शोभतो का?"

मी एरवी गोड बोलून गिऱ्हाईक राखणारा माणूस. आज बाईंकडे पाठ केली. टिटवीचं बोट धरलं आणि घरी आणलं. पंप तसाच राहिला. आज त्या सगळ्या पोरांना पाणी मिळालं नसेल, ते माझ्यामुळे.

२० जुलै

ही म्हणाली, "आणलीत ते बरं केलंत. पुढं काय?"

"घरी शिकवू."

"कोण? मी आठ तास काज-बटणं करते. आणि तुमची शाळा सातवीत सुटली."

"सातवीत सुटली म्हणून काय झालं? तीन खणांचं दुकान उभं केलं की नाही?"

"दुकान उभं केलंत हो. मुलगी उभी करायचीय." एवढं बोलून ती आत गेली. तिचं सगळं असं मोजकं. उत्तर देण्याजोगी जागाच ठेवत नाही.

चिठ्ठ्या दप्तराच्या तळाशी सापडल्या. तिन्हींत तेच वाक्य. मुलगी ऐकत नाही. मुलगी ऐकत नाही. तिसऱ्या चिठ्ठीत 'मुळीच' घातलंय.

२४ जुलै

शिक्षण कचेरी. अर्ज घेणाऱ्या बाईंच्या पुढ्यात सात शिक्के, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात शिक्का-बाई म्हणायला लागलो. मनात म्हणता म्हणता एकदा तोंडातून निसटलं. त्या हसल्या नाहीत.

"घरी शिकवायला कायद्याची ना नाही," त्या म्हणाल्या. "न कळवता घरी ठेवायला ना आहे. शाळा सोडल्यापासून तीस दिवसांत अर्ज आला पाहिजे. नाही आला तर पालकांना नोटीस, आणि मुलगी पुन्हा त्याच वर्गात."

"त्याच?"

"त्याच."

अर्जाला अकरा जोडण्या आहेत, म्हणजे सोबत लावायचे कागद आणि अटी. शिकवणारा दहावी झालेला हवा. विषयवार वेळापत्रक हवं. रोज काय शिकवलं त्याची वही, दर सहामाहीला तपासनीस येऊन परीक्षा घेणार, तो नापास म्हणाला तर परवानगी रद्द. अकरावी जोडणी म्हणजे डोळे आणि कान तपासल्याचा सरकारी दवाखान्याचा दाखला.

"कान कशाला? शिकायचं डोक्यानं."

"डोक्यात जातं कुठून?" शिक्का-बाई म्हणाल्या.

बाई हुशार आहे. दुसरं कुठलं काम असतं तर आमचं जमलं असतं.

येताना दोन वह्या घेतल्या. एक कचेरीला दाखवायची. दुसरी ही, कुणालाच न दाखवायची; आधी लिहिलेले दोन सुटे कागद तिच्यात चिकटवले.

६ ऑगस्ट

शिकवणारी म्हणून हिचं नाव घातलं, कारण ही दहावी पास आहे. शिकवणार मी. हे पहिलं खोटं.

दुसरं खोटं अकराव्या जोडणीत. सरकारी दवाखान्यात कानाच्या तपासणीची तारीख मिळाली ऑक्टोबरची, आणि आमचे तीस दिवस संपतात अठरा ऑगस्टला. तिथला कंपाउंडर माझं जुनं गिऱ्हाईक, त्याच्या घरची विहीर माझ्याच पंपावर चालते. त्याच्या टेबलाशी बसून गप्पा मारल्या, त्याला दोनदा पोट धरून हसवलं. पोरीला न बघताच त्यानं लिहून दिलं: दृष्टी उत्तम, दोन्ही कान निर्दोष. वर गोल शिक्का.

त्याला म्हटलं, "अरे, तिचा बाप रस्त्यावरून जाताना दुसऱ्याच्या घरातली बिघडलेली मोटार ओळखतो. त्याच्या पोरीचे कान काय तपासायचे?"

"तेही खरंच," तो म्हणाला.

रांगेतल्या एका आईच्या मांडीवर मूल होतं. ती सकाळी सहाला आली होती. तिच्याकडे न बघता बाहेर पडलो.

१७ ऑगस्ट

परवानगी आली. एक दिवस आधी! टिटवीला पत्र वाचून दाखवलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग मान हलवली. मला वाटलं होतं नाचेल.

२९ ऑगस्ट

गणित चोख. वाचन तर माझ्यापेक्षा भराभर. शुद्धलेखनात मात्र जीव घेते.

मी दुकानात फेऱ्या मारत, एखादी मोटार उघडत सांगतो, आणि ती कोरा कागद घेऊन बसलेली. ओरडलो की मान वर करते आणि म्हणते, "काय?" तिच्यापुढं खुर्ची टाकून, डोळ्यांत डोळे घालून सांगितलं तर लिहिते. म्हणजे धाक हवा. वर्गबाईचं काही अगदीच चूक नव्हतं, असा विचार मनात आला आणि माझीच मला लाज वाटली.

त्यातही वात्रटपणा आहेच. सांगितलं 'मान', लिहिलं 'पान'. सांगितलं 'बोट', लिहिलं 'मोट'. 'बाबा घरी आले' तर हिनं लिहिलं 'मामा घरी आले'. म्हटलं, "अगं, तुला मामा आहे कुठं?" तर खो खो हसली. मीही हसलो. मग बत्तीस चुका मोजल्या आणि हसू गेलं. तपासनीस बत्तीस चुकांना हसणार नाही.

कचेरीच्या वहीत लिहिलं: शुद्धलेखन, समाधानकारक.

११ सप्टेंबर

आज जरा बरं वाटलं म्हणून लिहितो.

चालत्या मोटारीच्या बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं आणि त्याची मूठ कानाला लावायची, म्हणजे आतलं सगळं ऐकू येतं. वयाच्या बाराव्या वर्षापासून माझं पोट या युक्तीवर चाललंय. टिटवीला शिकवली. तिनं मूठ कानाला लावली आणि नाक मुरडलं. मग काय मनात आलं कोण जाणे, मूठ दातांत धरली. डोळे मिटले. आणि मोठ्यानं ओरडली, "बाबा, आत गोळी फुटलीय! कट्ट, कट्ट, कट्ट!"

उघडून बघतो तर बेअरिंगमधली एक गोळी खरंच फुटलेली.

पलीकडच्या सायकलवाल्याला हाक मारून सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्यावर गेलीय." मला रडायला येईल की काय असं झालं. मग दिवसभर दातांत धरूनच ऐकत होती. मी म्हटलं, "अगं, कानानं ऐक की." म्हणते, "असं छान येतं."

४ ऑक्टोबर

दवाखान्यातून चिठ्ठी आली, कानाच्या तपासणीची तारीख नऊ. मी ती चुरगाळली. परवानगी मिळालेली असताना आता कशाला?

ही टिटवीची वेणी घालता घालता म्हणाली, "पूर्वी वेणी घालताना किती बडबडायची. आता मी बोलते आणि ही दगडासारखी बसून राहते."

"मोठी व्हायला लागली."

"दहा वर्षांची?" मग थोड्या वेळानं, "उशीवर डाग पडतात. कानातून काही येतं का बघा. वासही येतो. एकदा कान दाखवून आणू या."

"निर्दोष आहेत. कागद आहे की आपल्याकडे."

हे मी अगदी मनापासून म्हणालो. आत्ता लिहिताना लक्षात आलं की तो कागद कसा मिळाला हे मला चांगलं ठाऊक आहे. पण गोल शिक्का रोज बघून बघून खरा वाटायला लागलाय.

हिला तो कागद कसा मिळाला हे मी सांगितलेलं नाही.

२ नोव्हेंबर

छत्तीस चुका.

दुकान दुपारनंतर बंदच ठेवतो. गिऱ्हाइकं तुटतायत. तुटोत. मला एकच धास्ती आहे. जानेवारीत तपासनीस येईल, नापास करेल, आणि माझी पोर पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करून उभी राहील. आणि या वेळी तिला तिथं सोडायला मी जाणार.

२१ नोव्हेंबर

आज तिच्यावर हात उगारला. मारलं नाही. पण तिनं मान खाली घातली ती सवयीनं घातल्यासारखी.

मग म्हणाली, "बाबा, मी ऐकीन."

९ जानेवारी

तपासनीस आले. म्हातारा माणूस, सभ्य. कामावरून रजा काढून ही शेजारी बसली, शिकवणारी म्हणून. मी चहा ठेवला आणि दाराशी उभा राहिलो.

गणिताला त्यांनी शाबासकी दिली. वाचनाला दिली. मग शुद्धलेखनाचा कागद तोंडासमोर धरून वाचायला लागले. टिटवी पेन्सिल घेऊन बसली. कागदाकडे बघे, त्यांच्या चष्म्याकडे बघे, माझ्याकडे बघे. मी खुणेनं सांगितलं, लिही! तिनं पेन्सिल टेकवली आणि उचलली.

"लिहितेस ना बाळ?"

कागद कोराच.

मग तोंडी. कागद अजून तोंडासमोरच. त्यांनी विचारलं, "पाऊस कसा पडतो?" टिटवी खणखणीत आवाजात म्हणाली, "दहा वर्षं पूर्ण." पहिला प्रश्न वयाचाच असतो, तो तिनं पाठ करून ठेवला होता.

तपासनिसांनी कागद खाली घेतला. हिला हळूच विचारलं, "हिला ऐकू येतं ना नीट?"

ही माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोलायच्या आत त्यांनी फाईल उघडली, पानं उलटली आणि अकराव्यावर बोट ठेवलं. "नाही, कान निर्दोष आहेत. म्हणजे मग बुद्धीचाच प्रश्न. मंद आहे मुलगी. वाईट वाटून घेऊ नका. अशांसाठी वेगळा वर्ग असतो, तसं मी लिहीन. घरी शिकवणं हिच्या कामाचं नाही."

टिटवी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला एवढं मात्र सगळं कळलं, कारण आता कागद खाली होता.

१० जानेवारी

सकाळी दुकान उघडलं. सगळ्या मोटारी बंद ठेवल्या. टिटवी पाठमोरी बसून चित्र काढत होती.

दहा पावलांवरून हाक मारली. साधी, रोजची.

आठ पावलांवरून.

पाच. मोठ्यानं.

तीन पावलांवरून ओरडलो. पलीकडे सायकलवाला दचकून उठला. ती पिवळा रंग भरत होती.

एका पावलावरून तिचं शाळेतलं नाव घेतलं, घरी कधी घेत नाही ते. पिवळा रंग. मग माझी सावली कागदावर पडली तेव्हा तिनं मान वळवली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या अंगाला किती ग्रीसचा वास येतो!"

पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मोटारी ऐकतोय.

२० जानेवारी

कानाची डॉक्टरीण. रांगेत सकाळी सहापासून उभा होतो. कंपाउंडरनं मला पाहिलं आणि आतल्या खोलीत गेला.

कानाच्या आत काहीतरी वाढतं म्हणे, आणि ते वाढताना हाडं खात जातं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. उशीवर डाग पडतात, वास येतो. मूल समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतं, कुणी न शिकवता.

"म्हणजे 'मान'ला 'पान'?" मी विचारलं.

"प, ब, म. ओठांवर तिन्ही सारखेच दिसतात," त्या म्हणाल्या. "आरशासमोर म्हणून बघा."

चिमट्यासारखा लोखंडी काटा वाजवून त्यांनी टिटवीच्या कपाळाला टेकवला. टिटवी हसली. "हाडातून थोडं ऐकतेय," त्या म्हणाल्या. मला दातांतली मूठ आठवली.

"उजव्याचा आता उपयोग नाही. डावा ऑपरेशन करून जेवढा राहिलाय तेवढा टिकवायचा, मग यंत्र लावायचं." वहीत बघून म्हणाल्या, "नऊ ऑक्टोबरची तारीख दिली होती तुम्हाला. आला नाहीत?"

ही म्हणाली, "कसली तारीख?"

मी तिला त्या चुरगाळलेल्या चिठ्ठीचं सांगितलं. घरी येईपर्यंत ती बोलली नाही. घरी आल्यावरही नाही.

२३ जानेवारी

शिक्का-बाईंना सांगितलं की अकरावी जोडणी खोटी आहे, आणि तिच्याच जोरावर माझ्या पोरीला मंद ठरवलंय, ते काढा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "असं लिहून दिलंत की 'मंद' निघेल. पण खोटी जोडणी दिलेल्या पालकाला घरी शिकवायची परवानगी पुन्हा मिळत नाही. कधीच. आणि बहिऱ्या मुलांची शाळा या गावात नाही. तिथं राहायलाच ठेवावं लागेल."

"किती दिवस?"

"वर्षाचे दोन महिने सोडून."

ज्या पोरीला घरी ठेवायला हे सगळं केलं, ती आता मुळी घरात राहणारच नाही. सही केली. सही करताना मी एखादा विनोद करीन असं शिक्का-बाईंना वाटलं असावं, त्या माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. मला एकही सुचला नाही.

"आम्ही ते अकरावं उगीच नाही हो ठेवलेलं," त्या म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

६ फेब्रुवारी

ऑपरेशन परवा. त्याआधी नव्या शाळेचा अर्ज पाठवायचाय. दुपारी दुकानात बसून भरला. ही समोर, टिटवी बाकावर, कानात कापसाचा बोळा.

सातवा रकाना: मुलास ऐकू येत नसल्याचे पालकांच्या प्रथम केव्हा लक्षात आले?

मी माझी ही वही काढली. १९ जुलै, मागून दोन हाका मारल्या. २९ ऑगस्ट. ११ सप्टेंबर. ४ ऑक्टोबर, उशीवरचे डाग. सगळं तारीखवार, माझ्याच अक्षरात. मग तिची शुद्धलेखनाची वही काढली, तांबड्या पेन्सिलीनं बत्तीस आणि छत्तीस लिहिलेली. आरसा समोर ठेवून एकेक शब्द बोलून बघितला. मान, पान. बोट, मोट. बाबा, मामा. एकही चूक नाही. मी जसा दिसलो तसं तिनं लिहिलंय.

"काय घातलंत?" हिनं विचारलं. वीस जानेवारीनंतर पहिल्यांदा आपणहून बोलली.

"१० जानेवारी."

"खरं लिहा. आता तरी."

"तेच खरं आहे गं," मी म्हणालो.

तिनं अर्ज ओढून घेतला, वाचला, घडी घातली आणि पाकीट चिकटवायला बाहेर गेली.

मी टिटवीसमोर खुर्ची ओढली. ती लगेच माझ्या तोंडाकडे बघायला लागली, तयारीत, शुद्धलेखनाला बसल्यासारखी. मी म्हणालो, "माफ कर."

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "पाप कर?" आणि हसायला लागली. "हे काय हो बाबा, पाप कर!"

पुन्हा म्हणालो. पुन्हा तेच दिसलं तिला. मग तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दाखवलं.

तिनं वाचलं. वहीवरून नजर उचलून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कशाबद्दल?" एवढ्या मोठ्यानं, की पलीकडच्या सायकलवाल्यानं हातातलं काम थांबवून मान वर केली.